कॉम्प्युटरवरचा मांडव

१९ जानेवारी २०२५, रविवार

कॉम्प्युटर गेला!

सकाळी बटण दाबलं तर आतून टक् टक् टक् — आणि पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. बंद केला, पुन्हा लावला. तेच. पाठीवर थापटलं. हात जोडले. तेच.

बायको हौसा स्वयंपाकघरात होती. तिची चाहूल लागली तसा मी पडद्यावर टॉवेल टाकला. का टाकला देव जाणे. तिचे सगळे धवले, लग्नात गायची गाणी, त्यात आहेत. गळ्याच्या ऑपरेशनआधी गायलेले. आता तिला आवाजच नाही, म्हणजे त्या डब्यात आहे तेवढाच तिचा आवाज. आणि लेकीचं, मनालीचं लग्न मे महिन्यात. मांडवात तेच वाजवायचं ठरलंय.

भाविकला फोन लावला. तुळजाचा मुलगा, माझा भाचा. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवरच असतो. म्हणाला, "मामा, टेन्शन घेऊ नका. आपला बॅकअप आहे ना!"

हो की. बॅकअप आहे. मी विसरलोच होतो. तरी पडद्यावरचा टॉवेल काढला नाही.

२० जानेवारी

भाविक आला. पेटी उघडली, कान लावला, नाक मुरडलं. हार्ड डिस्क गेली म्हणाला. "नवीन टाकू, बॅकअपमधून सगळं परत आणू. ती बाहेरची डिस्क द्या."

"कुठली?"

"काळी. पत्त्यांच्या कॅटएवढी. वायरवाली."

"ती तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे? मामा, ती तुमच्याकडे आहे!"

सहा महिने मी समजत होतो त्याच्याकडे आहे, तो समजत होता माझ्याकडे. एसटीत असं व्हायचं. ड्रायव्हरला वाटायचं कंडक्टर आत आहे, आणि कंडक्टर खाली चहा पीत असायचा.

२१ जानेवारी

हौसाने विचारलं. म्हणजे पेला वाजवला आणि भाविकने कॉम्प्युटर नेला त्या टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

ती शाळेत गेलेली नाही, त्यामुळे पाटीवर लिही म्हणायची सोय नव्हती. हॉस्पिटलात नुसते हात हलवून रडायची. मग मीच तिला माझ्या नोकरीची, कंडक्टरची भाषा शिकवली. स्टीलचा पेला आणि चमचा. एक घंटी — थांबा, नको, नाही. दोन घंट्या — चला, हो, असू दे. अख्खी एसटी या दोन शब्दांवर चालते, संसार का नाही चालणार? चालतो.

मी म्हटलं, "धूळ साचली होती आत. भिवंडीला साफ करायला दिलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. विनातिकीट माणसाकडे मी असाच बघायचो.

२४ जानेवारी

कपाटं, माळा, पलंगाखालच्या पेट्या, तांदळाचा ड्रम. डिस्क नाही. हौसाला सांगितलं, आधारकार्ड शोधतोय. तिने डब्यातून आधारकार्ड काढून हातात दिलं!

२६ जानेवारी, रविवार

आज कसलं कामच सुचेना. ते जुलैचे दिवस डोक्यातून जात नाहीत, तर लिहून काढतो.

डॉक्टरांनी ऑगस्टची तारीख दिली आणि सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मिशेरीने गळा खाल्ला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. हौसाच मला म्हणाली, "अवो, जीव तं रातो ना? मंग?"

आमच्या खारबावच्या चारी बाजूंना तिच्याशिवाय लग्न लागत नव्हतं. मांडव घालायचा, देव बोलावायचे, हळद दळायची, नवरी निघायची — प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा, आणि तो धवलारणीनेच गायचा. भटजी उशिरा आला तर चालायचं. हौसा उशिरा आली की मुलाचा बाप घामाघूम.

मी म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू. मनालीच्या लग्नाला लागतील. ती एकदम बिथरली. "मांडवाबगर धवला नाय. मी तोंड नाय उघडाची."

बरं, एखाद्या लग्नात जाऊन रेकॉर्ड करावं, तर आषाढी होऊन गेलेली. चार महिने कुणाचं लग्नच नाही! मग मी घरातच मांडव घातला. टेबलाच्या चार पायांना चार बांबू बांधले, वर आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे. खाली कॉम्प्युटर. शेजारीपाजारी खिडकीतून हसून गेले. हौसाने मात्र न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, कॉम्प्युटरला हळद लावली, माउसला लावली, त्या काळ्या डिस्कला लावली, वर तांदूळ टाकले. डिस्कचं नाव तिने ठेवलं डबी. मग गायला बसली. शेजारची रंजिता मागे झेलायला — हौसाने ओळ टाकायची, रंजिताने उचलायची. पाच-सहा दिवस गायली. मध्ये मध्ये रक्त थुंकत होती. मी म्हणायचो पुरे, ती म्हणायची देव अर्ध्यात ठेवत नाहीत.

भाविकने ते बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकटचं. हौसा खोदून खोदून विचारत होती, हा काय करतो, त्या डबीत काय जातं. त्याने छान समजावलं. "मामी, आता तुझा धवला दोन ठिकाणी हाय. एक कॉम्प्युटरात, एक डबीत. एक गेला तरी एक राहतो. काय काळजी नाय."

तिला ते फार आवडलं. दोनतीनदा त्याच्याकडून वदवून घेतलं — "यक गेला तरी यक रातो?" — "रातो, मामी."

शेवटी मला विचारलेलं आठवतं. "अवो, नवरी नाय, नवरा नाय. ह्या मांडवाचा धवला पोचाचा कोनाला?"

मी म्हटलं, "मला पोचला. बास झालं."

हसली होती. तिच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं हसू ते. आता हसते, पण नुसती वाफ येते.

२ फेब्रुवारी, रविवार

भाविकने आज मोबाइलवर दाखवलं. ते सॉफ्टवेअर दर रविवारी त्याच्या मेलवर रिपोर्ट पाठवत होतं. कुठल्याशा कोपऱ्यातल्या कप्प्यात जाऊन पडायचे, त्याने कधी उघडलेच नाहीत. अठ्ठावीस जुलै — हिरवी खूण. सगळं नीट उतरलं. पुढच्या रविवारपासून लाल फुली. लाल, लाल, लाल. डिस्क जोडलेली नाही, डिस्क जोडलेली नाही.

"मामा, कॉम्प्युटरवर पण मेसेज येत असणार."

येत होता ना! कोपऱ्यात निळा चौकोन यायचा. पण तसाच निळा चौकोन 'पैसे भरा, मोठं सॉफ्टवेअर घ्या' म्हणूनही यायचा. तोच रंग, तोच आवाज, तीच इंग्रजी. मी फुली दाबून घालवायचो. अरे, घराला आग लागली आणि नवी चप्पल घ्या — दोन्ही तू एकाच सुरात सांगणार असशील तर माणसाने ओळखायचं कसं!

त्या हिरव्या रिपोर्टात फायलींची नावं आहेत. मी मराठीत नावं दिली होती — मांडवाचा, हळदीचा, देव बोलवायचा. सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ?????? आणि पुढे किती जागा व्यापली ते. सगळ्यांत जड फाइल देव बोलवायच्या धवल्याची असणार. तो लांब आहे. तो अख्खा फक्त हौसालाच येतो. येत होता.

५ फेब्रुवारी

मनाली म्हणते, "बाबा, आईला सांगून टाका." तिला काय जातंय सांगायला.

८ फेब्रुवारी

भिवंडीला जाऊन आलो. कल्याण नाक्याच्या आतल्या गल्लीत अन्सारीभाईंचं दुकान, बाजूला लूमचा खडखडाट, त्यामुळे बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यांनी डिस्क कानाला लावली. डॉक्टर लावतो तशी.

"चाचा, हेड बैठ गया है. इसको बार बार चालू किया क्या?"

केलं होतं. थापटलंही होतं. ते मी सांगितलं नाही.

"जितना चलाओगे उतना खरोंचेगा. मेरे हाथ का काम नहीं. मुंबई भेजते हैं, वहाँ काँच के कमरे में खोलेंगे. देर लगेगी. वादा नहीं करता." मग विचारलं, "क्या है इसमें? हिसाब?"

म्हटलं, "बायको आहे."

त्यांनी डिस्क मऊ कापडात गुंडाळली आणि आतल्या खणात ठेवली.

१६ फेब्रुवारी

त्या सॉफ्टवेअरबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मनालीने मोबाइलवर मराठी करून दिलं. दुपारभर वाचत बसलो. कुणी लिहिलंय — माझ्या मुलाचं सगळं बाळपण परत मिळालं, पाच तारे. कुणी — बापाचे फोटो गेले, हिरवी खूण दाखवत होता, आत काहीच नव्हतं, एक तारा. एका बाईने लिहिलंय की डिस्क होती, सगळं होतं, फक्त पासवर्ड नवऱ्याला माहीत होता आणि नवरा वारला. तिने तारा दिलेलाच नाही.

कुठल्या कुठल्या देशांतली माणसं! ओळख ना पाळख, पण एका बाकावर बसल्यासारखं वाटलं.

मीही लिहिलं. मनालीने इंग्रजी केलं. एक तारा. 'तुमची चेतावणी आणि तुमची जाहिरात सारखीच दिसते. माझ्या बायकोचा आवाज गेला.'

१८ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं! 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया बॅकअप डिस्क जोडून पुन्हा प्रयत्न करा.'

डिस्क जोडून. वा.

२७ फेब्रुवारी

हौसाची तपासणी. ठीक आहे म्हणाले. गळ्याच्या भोकावर नवीन जाळीचं फडकं दिलं. येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. श्वास त्या फडक्यातून येतो आणि माझ्या बाहीला लागतो.

६ मार्च

रंजिता रोज दुपारी येते हल्ली. दोघी मागच्या पडवीत बसतात. मी गेलो की गप्प. म्हणजे रंजिता गप्प. टीव्ही बघायला येत असेल म्हटलं, तर टीव्ही बंद असतो.

१३ मार्च, होळी

तुळजा काल्हेरहून आली, दर होळीला येते तशी. माझी धाकटी बहीण. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. पुरणपोळी वाढताना मी सहज विचारलं — खरंच सहज, सगळ्यांना विचारून झालं होतं म्हणून — "तुळजे, ती जुलैची काळी डबी तू कुठे पाहिलीस का ग?"

तिचा हात थांबला.

"ती तं खाडीत सोडली, दादा."

मला वाटलं थट्टा करते. "कसली सोडली?"

"मांडव उतरवला ना तवा. तू हॉस्पिटलच्या कागदांना गेला होता. टाले, तांदूल, सुपारी, समदा गोला केला नि खाडीला दिला. डबीला हलदकुंकू होता. हलदकुंकवाचा आसा कचऱ्यात टाकतात का?"

खरं आहे, टाकत नाहीत. मांडवातली वस्तू, जिला हळदकुंकू लागलं, ती पाण्यालाच द्यायची. तिने रीत पाळली. रीत पाळून माझ्या बायकोचा गळा खाडीत बुडवला!

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. अडाणी म्हटलं, त्याहून वाईटही म्हटलं. सगळ्या गावाने ऐकलं असेल. आणि तुळजा, जी एका शब्दाला दहा परत करते, ती खाली मान घालून बसली. "सोडली, दादा. चुकला माजा." एवढंच. ताटावरून उठली आणि रिक्षा करून गेली.

हौसा दारात होती. पेला वाजवत होती. एक, एक, एक. थांबा, थांबा. मी थांबलो नाही.

१४ मार्च

आता हौसाला कळलं असेलच. मी म्हटलं, "काळजी करू नको. डबी गेली पण कॉम्प्युटरातलं आहे. साफ करून येतोय." आणखी एक थाप. तिने मान फिरवली.

बाहेर पोरं रंग खेळतायत.

२० मार्च

खाडीवर गेलो होतो. गेलो का, ते विचारू नये. ओहोटी होती. गाळात चप्पल, बाटल्या, एक गणपतीचा पाट. समजा मिळाली असती तर? खारं पाणी, सात-आठ महिने. पायाला चिखल लागला तो घेऊन घरी आलो. हौसाने पाय धुवायला पाणी दिलं.

३० मार्च, पाडवा

पत्रिका आल्या. पहिली देवाला. दुसरी आत्याची असते, आमच्यात हळदीचा पहिला हात आत्याचा. मी तुळजाची पत्रिका बाजूला ठेवली. मनाली म्हणाली, "आत्या नाही तर मी हळद लावून घेणार नाही." लावू नको म्हटलं. मग तीच भाविकबरोबर जाऊन देऊन आली.

मला येऊन सांगितलं. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो.

८ एप्रिल, मंगळवार

अन्सारीभाईंचा फोन! "चाचा, आ जाओ. थोड़ा निकला है."

गाडी कशी चालवली कोण जाणे. भिवंडीतले सगळे खड्डे अंगावर घेतले.

थोडं म्हणजे एक फाइल. बाकी डिस्कवर चरे पडलेत. नाव तेच, प्रश्नचिन्हं. अन्सारीभाईंनी ऐकलेली नव्हती. "आपकी अमानत है, आप सुनो," म्हणाले आणि पेनड्राइव्ह दिला. मनालीचा लॅपटॉप होता घरी. हौसा पडवीत रंजिताबरोबर. मी दार लोटून घेतलं आणि लावली.

आधी घूं घूं. मग खुर्ची सरकली. मग माझा आवाज — "हां, लागलं, बोल." मग ती.

"अवो, पंखा बंद करा ना. पंख्याचा आवाज येल त्यात."

आणि बंद. संपली. पुढे काहीच नाही.

पुन्हा लावली. पुन्हा लावली. धवला नाही, देव नाही, हळद नाही. पंखा बंद करा. पस्तीस वर्षं मांडव गाजवलेली बाई, आणि उरलं काय तर पंखा बंद करा! मला हसूही येईना आणि रडूही.

किती वेळा लावली आठवत नाही. मागे बघतो तर हौसा. दार कधी उघडलं कळलं नाही. स्वतःचा आवाज ऐकत होती. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. तिचा हात गळ्याच्या फडक्यावर गेला. मग ती हळू चालत भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण बंद केलं.

खोलीत एकदम शांत झालं. ती माझ्यासमोर बसली आणि हाताने खूण केली — पुढे?

मी सांगून टाकलं. कॉम्प्युटर साफ करायला दिलेला नव्हता. मेला होता. मुंबईला उघडला, त्यातून एवढंच निघालं. डबी खाडीत, कॉम्प्युटर मेला, आता कुठेच काही नाही. "एवढंच आहे, हौसा. पंखा बंद करा."

वाटलं होतं ती मला धीर देईल. नेहमी तीच देते. ती उठली आणि मागच्या दाराशी जाऊन बसली. जेवली नाही. पेल्याला हात लावला नाही. मी दोनदा हाक मारली, तिने बघितलंसुद्धा नाही.

९ एप्रिल

आजही जेवली नाही.

१० एप्रिल

रंजिताने मांडीवर घेऊन पेज भरवली. माझ्या हातून नको म्हणाली. एक घंटी. माझ्यावर कसला राग? मी काय केलं? मी तर सगळीकडे धावलो. ज्या तुळजाने केलं तिला एक शब्द नाही, आणि मला एक घंटी!

२२ एप्रिल

पडवीत काय चालतं ते आज कळलं. रंजिता धवला म्हणत होती. हौसा तिच्यासमोर बसून नुसते ओठ हलवते, ताल मांडीवर, आणि चुकलं की गुडघ्यावर फटका. रंजिता मला बघून लाजली. "काका, झेलून झेलून मना अर्धा येतो. बाकीचा काकीच्या ओठावरून उचलते. पन सगला नाय कळत."

हे जानेवारीपासून चालू आहे म्हणे! मी रेकॉर्डिंगच्या मागे पळत होतो, आणि ही सांगायचीसुद्धा नाही मला? तिला माहीत होतं की काय, कॉम्प्युटर साफ करायला गेलेला नाही ते? विचारलं तर दोन घंट्या. पहिल्या दिवसापासून? दोन घंट्या.

कंडक्टरच्या बायकोला थापा मारायला निघालो होतो.

१४ मे, हळद

तुळजा आली. पाहुण्यासारखी, मागच्या रांगेत उभी. मनालीने हात धरून पुढे आणली. तिने हळद लावली. माझ्यासमोरून दोनदा गेली. मी दिव्यांची वायर तपासत होतो.

१५ मे

लागलं लग्न.

कालपासून रंजिताच गायली. हळदीचा छान म्हणाली, बायका डोळे पुसत होत्या. आज देव बोलवायचा. अर्ध्यापर्यंत आली आणि अडकली. मांडवात एवढी माणसं आणि एकदम शांतता. रंजिता हौसाकडे बघते, हौसाचे ओठ भराभर हलतायत, गळ्याची शीर ताणलेली, त्या भोकातून नुसता वारा. पुढची ओळ तिच्या तोंडात होती. आम्हाला सगळ्यांना दिसत होती, ऐकू येत नव्हती. म्हाताऱ्या बायकांनी आठवून पाहिलं. कुणाला येईना. शेवटी रंजिताने मधला सगळा सोडला आणि शेवट म्हटला.

अर्धेच देव आले माझ्या पोरीच्या लग्नाला. बाकीचे खाडीत आहेत. मी तुळजाकडे बघितलं आणि माझं तोंड पुन्हा कडू झालं.

मनाली गेली. घर फार मोठं वाटतंय.

१९ मे, सोमवार

मांडव उतरवला. तुळजा टाळे गोळा करत होती. मी म्हटलं, "राहू दे, आम्ही करू. तुझ्या हाताला काही देणं बरं नाही."

पेला वाजला. एकदाच, पण असा की सगळे थांबले.

हौसा उठली. माझ्या खिशातला मोबाइल काढला. करंड्यातलं हळदकुंकू मोबाइलला लावलं. वर तांदूळ टाकले. आंब्याच्या टाळ्यात ठेवला, फडक्यात गाठ मारली आणि ते गाठोडं तुळजाच्या ओटीत घातलं. मग स्वतःच्या छातीवर हात मारला. मी. मी दिलं. मी.

तुळजा रडायला लागली. "वयनीनं शपथ घातली होती, दादा. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी. म्हनाली, बिननवरीचा मांडव हाय, धवला कोनाला तरी पोचला पायजे, नायतर पोरीवर येल. भाविक सांगतो दोन हायत, यक गेला तरी यक रातो. मंग यक खाडीला दे, यक यांना ठेव. यांना सांगू नको, बडबडतील."

हौसा माझ्याकडे बघत होती. चमचा हातात, पण वाजवत नव्हती. वाट बघत होती.

मी तिच्या हातातून पेला घेतला. चमचा घेतला. दोनदा वाजवला.